मोठ्या संगणकाला कीड लागत नाही काय?

‘व्हायरस लागतो तो घरच्या किंवा दुकानातल्या संगणकाला. बँकेच्या, रेल्वेच्या मोठ्या यंत्राला तो लागत नाही.’ असे विधान पुष्कळदा ऐकू येते. ते करणारे लोक अडाणी नसतात. अशी यंत्रे वीस-पंचवीस वर्षे चालवलेले अनुभवी तंत्रज्ञसुद्धा ते करतात, आणि त्यांच्या म्हणण्यात बरेच तथ्य असते. तरीही माझे मत असे आहे की, हे विधान अर्धेच खरे आहे. पूर्ण खोटे विधान लवकर उघडे पडते. अर्ध्या खऱ्या विधानावर मात्र माणसे विसंबून राहतात. म्हणून त्याची तपासणी नीट केली पाहिजे.

परभणी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. पाथरीच्या शेतकऱ्याचे पीककर्ज, पूर्णेच्या निवृत्त कर्मचाऱ्याचे वेतन, जिंतूरच्या विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती, मानवतच्या व्यापाऱ्याची कापसाची रक्कम या साऱ्या गोष्टी शेवटी कोठल्या तरी मोठ्या संगणकातील नोंदी असतात. ते यंत्र आपण कधी पाहिलेले नसते. ते सुरक्षित आहे की नाही, हे आपल्याला दुसऱ्याच्या शब्दावरूनच मानावे लागते. तेव्हा तो शब्द कितपत भरवशाचा आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मधल्या आकाराची यंत्रे

संगणकांचे ढोबळ मानाने तीन गट पडत. एका टोकाला टेबलावरचा वैयक्तिक संगणक. दुसऱ्या टोकाला मेनफ्रेम नावाचा प्रचंड संगणक; त्याला स्वतंत्र खोली व थंड हवा लागे. या दोहोंच्या मध्ये कारखाने, बँका, विमा कंपन्या, गोदामे यांच्या कामाची मध्यम आकाराची यंत्रे येत. इंग्रजीत त्यांना ‘मिडरेंज’ म्हणतात. एकाच यंत्रावर शेकडो माणसांनी एकाच वेळी काम करावे, ते रात्रंदिवस चालावे, हिशेबात पैशाचीही चूक होऊ नये, ही त्यांची कामे.

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे व्हॅक्स हे अशा यंत्रांचे एक प्रसिद्ध घराणे होते. दुसरे घराणे आयबीएम कंपनीचे. या कंपनीने १९७८ साली सिस्टिम/३८ हे यंत्र जाहीर केले आणि त्याच्या रचनेवर आधारलेले एएस/४०० हे यंत्र जून १९८८ मध्ये बाजारात आणले. योगायोग असा की, १९७८ हे आयबीएमने भारतातून आपला कारभार गुंडाळल्याचे वर्ष. ती परतली १९९२ च्या सुमारास. एएस/४०० ची नावे पुढे बदलत गेली. २००८ पासून त्याच्या कार्यप्रणालीला ‘आयबीएम आय’ म्हणतात. ‘आमच्या यंत्राला व्हायरस लागत नाही’ हा दावा सर्वांत जास्त याच यंत्राविषयी केला जातो.

आपल्या परिचयाचे उदाहरण हवे असेल तर रेल्वेचे आरक्षण घ्या. परभणी हे जंक्शन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. देशातील आरक्षणाचे काम दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद या पाच केंद्रांतून चाले. ही व्यवस्था २०१० साली बसवलेली असून ती इटॅनियम जातीच्या यंत्रांवर ‘ओपन व्हीएमएस’ या कार्यप्रणालीत चालते, असे रेल्वे मंत्रालयाने २०२५ साली सांगितले. ती बदलून नवी व्यवस्था आणण्याचे कामही त्याच वेळी जाहीर झाले. हे व्हीएमएस म्हणजे मुळात व्हॅक्स यंत्रांसाठी घडवलेली कार्यप्रणाली. परभणीच्या खिडकीवर तिकीट काढणारा प्रवासी अशा रीतीने या मधल्या यंत्रांचा ग्राहक होता, आणि ते त्याला ठाऊकही नव्हते.

पहिला प्रयोग कोठे झाला?

आता विषाणू म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा विषाणू ही एक आज्ञावलीच असते. ती दुसऱ्या आज्ञावलीत स्वतःची प्रत घुसवते. ती दुसरी आज्ञावली कोणी चालवली की तीही तिसरीत प्रत घुसवते. शरीरातील विषाणू जसा पेशीच्या यंत्रणेवर आपली वाढ करून घेतो, तसेच हे. ‘वर्म’ म्हणजे संगणकी कृमी थोडा वेगळा असतो. त्याला दुसऱ्या आज्ञावलीच्या अंगात शिरावे लागत नाही. तो स्वतःच एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जातो.

विषाणू हे नाव या अर्थाने रूढ झाले ते फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याच्या संशोधनामुळे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर १९८३ मध्ये त्याने हा प्रयोग करून दाखवला. नाव सुचवले ते त्याचे प्राध्यापक लेनर्ड ॲडलमन यांनी. आता लक्ष देण्याची गोष्ट ही की, हा प्रयोग घरगुती संगणकावर झाला नव्हता. तो झाला व्हॅक्स ११/७५० या यंत्रावर, म्हणजे मधल्या आकाराच्या, अनेक माणसे एकाच वेळी वापरत असलेल्या यंत्रावर! कोहेनने रीतसर परवानगी घेतली होती आणि नुकसान होऊ नये म्हणून बंधनेही घातली होती. त्याने फाइलींची मांडणी चित्ररूपाने दाखवणारी एक उपयुक्त आज्ञावली सर्वांसाठी ठेवली आणि तिच्यात विषाणू लपवला. पाच वेळा प्रयोग केला. पाचही वेळा एका तासाच्या आत यंत्राचे सर्व अधिकार विषाणूच्या हाती आले. सरासरी वेळ सुमारे ३० मिनिटे आणि सर्वांत कमी वेळ ५ मिनिटांहून कमी. हे पाहिल्यावर पुढचे प्रयोग करण्याची परवानगीच मिळेना.

तेव्हा मोठ्या यंत्राला विषाणू लागतच नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. उलट, विषाणूची पहिली शास्त्रशुद्ध चाचणी अशाच यंत्रावर झाली.

मग एएस/४०० वाले असे का म्हणतात?

त्यांचे म्हणणे रचनेविषयी आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. साध्या संगणकात पत्र असो, चित्र असो की आज्ञावली असो, सारे काही आकड्यांची एक रांग असते. ज्याला ती रांग उघडता येते, त्याला त्यात हवे ते लिहिता येते. विषाणूचे फावते ते येथे. तो आज्ञावलीची फाइल एखाद्या वहीसारखी उघडतो आणि शेवटी आपली चार पाने चिकटवतो.

एएस/४०० मध्ये असे चालत नाही. तेथे प्रत्येक वस्तूवर तिच्या प्रकाराचा शिक्का असतो. ही आज्ञावली, ही माहितीची फाइल, ही वापरणाऱ्याची नोंद. ज्या प्रकाराची वस्तू असेल, त्याच प्रकाराची कामे तिच्यावर करता येतात. आज्ञावली चालवता येते, पण वहीसारखी उघडून तिच्यात लिहिता येत नाही. नवी आज्ञावली बनवायची तर ती यंत्राच्या स्वतःच्या भाषांतरकाकडूनच बनवून घ्यावी लागते. शाळेच्या दाखल्यासारखे आहे हे. दाखला कोणीही वाचू शकतो. पण नवा दाखला कचेरीतूनच आणि सही-शिक्क्यानेच मिळतो.

याखेरीज आणखी एक युक्ती आहे. स्मृतीतील एखाद्या वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीला दर्शक म्हणू. हा दर्शक १६ बाइटांचा असतो आणि त्याच्याबरोबर एक गुप्त बिट ठेवलेला असतो. कोणी साध्या आज्ञेने त्या दर्शकात खाडाखोड केली की तो बिट आपोआप पुसला जातो आणि दर्शक निकामी ठरतो. नोटेवरचा धागा निघाला की नोट बाद व्हावी, तसे. ही व्यवस्था यंत्राच्या घडणीतच आहे, नंतर चिकटवलेली नाही. अशी कल्पना १९७० च्या दशकात सुचावी, याचे कौतुकच केले पाहिजे.

तेव्हा जुन्या पद्धतीचा, आज्ञावलीला चिकटणारा विषाणू या यंत्रात वाढणे अतिशय अवघड आहे, हे खरे. दुसरे कारण असे की, ही यंत्रे महाग असतात. ती कोणाच्या घरी नसतात. त्यामुळे उपद्रव करू पाहणाऱ्याला सराव करायला यंत्रच मिळत नाही. हे कारण मात्र आधीच्या कारणाच्या जातीचे नाही. पहिले कारण यंत्राच्या गुणामुळे आहे, दुसरे केवळ परिस्थितीमुळे. परिस्थिती बदलली की दुसरे कारण उरत नाही. वादात ही दोन्ही कारणे एकत्र बांधली जातात, आणि विचार करणाऱ्याने प्रथम ती सुटी केली पाहिजेत.

‘दिसले नाही’ आणि ‘होऊ शकत नाही’

येथे आपल्या शेतातले उदाहरण उपयोगी पडेल. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. बोंडअळीला मारक असे प्रथिन त्या झाडातच तयार होते. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळी खरोखरच आटोक्यात आली. ‘बीटीला बोंडअळी लागत नाही’ असे सरसकट बोलले जाऊ लागले. बियाण्याबरोबर बिगर-बीटी बियाणेही मिळे आणि शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावा अशी सूचना असे. पण ती फारशी पाळली गेली नाही. अखेर गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनाला दाद न देण्याची क्षमता मिळवली, आणि २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भातील कपाशीवर तिने मोठा घाला घातला. ज्यांनी त्या वर्षी बोंडे फोडून पाहिली, त्यांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

यात बीटीचे संशोधन खोटे होते काय? नव्हते. चूक होती ती ‘आजवर लागली नाही’ याचा अर्थ ‘लागणारच नाही’ असा करण्यात, आणि त्या भरवशावर बाकीची काळजी सोडून देण्यात. मोठ्या संगणकाविषयीचे विधान नेमके याच मार्गाने जाते. बियाणे एका अळीला आवरते, पण शेताची राखण करत नाही. यंत्राची रचना एका प्रकारच्या विषाणूला आवरते, पण बँकेची राखण करत नाही.

कुंपणाची तीन भगदाडे

पहिले भगदाड म्हणजे परवलीचा शब्द. ऑक्टोबर १९८९ मध्ये व्हीएमएस चालवणाऱ्या यंत्रांच्या जाळ्यात एक कृमी शिरला आणि अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या यंत्रांपर्यंत पोचला. गॅलिलिओ यान सुटण्याच्या ऐन वेळची ही गोष्ट. हा कृमी काही विलक्षण चातुर्याने शिरला असे नाही. वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द जेथे एकच असे, ती खाती तो शोधत असे, आणि अशी खाती त्याला भरपूर सापडली! एएस/४०० मध्येही नवे खाते उघडताना दुसरे काही सांगितले नाही तर नाव हाच परवलीचा शब्द ठरण्याची सोय वर्षानुवर्षे होती. असा निष्काळजीपणा इतका सार्वत्रिक होता की, अशी खाती शोधून काढणारी खास आज्ञाच त्या यंत्रात द्यावी लागली. दर्शकातला गुप्त बिट कितीही हुशार असला, तरी जो माणूस खऱ्या किल्लीने दार उघडून आत येतो त्याला तो कसा अडवणार?

दुसरे भगदाड म्हणजे यंत्रातली धान्याची कोठी. एएस/४०० सुरुवातीला आपल्याच प्रकारच्या फाइली ठेवत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यात साध्या संगणकाच्या फाइली, म्हणजे पत्रे, चित्रे, तक्ते, ठेवण्याची सोय झाली. कचेरीतील संगणकांना ती जागा आपल्याच चकतीसारखी दिसते. अशा एखाद्या संगणकाला खंडणीखोर आज्ञावली लागली, तर ती आपल्या चकतीवरच्या फाइली जशा कुलूपबंद करते तशाच या कोठीतल्याही करते. मोठे यंत्र स्वतः आजारी पडलेले नसते. ते फक्त ‘फाइल बदला’ ही अधिकृत आज्ञा पाळत असते. कोठीतल्या फाइली उघडताना त्या तपासून घेता याव्यात, अशी व्यवस्था कंपनीने पुढे कार्यप्रणालीतच केली. ज्या यंत्राला विषाणूचे भयच नाही, त्याच्या निर्मात्याने ही खटपट कशासाठी केली असती?

तिसरे भगदाड सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे शेजारचे यंत्र. हे समजण्यासाठी पुण्याला जावे लागेल.

पुण्यात काय घडले?

कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून या बँकेच्या नकली कार्डांवर पैसे काढण्यात आले. परदेशांत सुमारे ७८ कोटी आणि भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी रुपये गेले. भारतातील ठिकाणांत आपले कोल्हापूरही होते. पुन्हा १३ ऑगस्टला १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख.

हे कसे जमले? एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा आधी ‘स्विच’ नावाच्या यंत्राकडे जाते. स्विच ती बँकेच्या मुख्य संगणकाकडे, म्हणजे खात्यांच्या नोंदी असलेल्या यंत्राकडे नेतो. खात्यात शिल्लक आहे काय, कार्ड खरे आहे काय, हे तेथे पाहिले जाते आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे उत्तर परत येते. चोरांनी दुष्ट आज्ञावलीच्या साहाय्याने या साखळीत एक खोटा स्विच उभा केला. विचारणा मुख्य संगणकाकडे पोचतच नव्हती. खोटा स्विच मधल्यामधेच ‘द्या’ असे उत्तर देत होता. बँकेने नंतर सांगितले की, मुख्य संगणकाला धक्का लागलेला नाही आणि ग्राहकांची खाती सुरक्षित आहेत. ते खरेच होते. मुख्य यंत्र निरोगी होते, आणि बँकेचे ९४ कोटी गेले होते!

विद्यार्थी मित्रांनो, ‘मोठ्या यंत्राला व्हायरस लागतो का’ हा प्रश्नच अपुरा का आहे, ते यावरून ध्यानात येईल. चोराला तुमचे यंत्र आजारी पाडायचे नसते; त्याला पैसे हवे असतात. जे दार सर्वांत कच्चे असेल तेथून तो येतो. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

याच जातीची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची विध्वंसक आज्ञावली युक्रेनमधून जगभर पसरली. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली आणि तिच्या समूहाकडे असलेले उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. घाव पडला होता विंडोजवाल्या संगणकांवर. अडकून पडले ते बंदरातले कंटेनर. दुसरे उदाहरण ऑक्टोबर २०१८ चे. आफ्रिका व आशियातील बँकांचे स्विच सांभाळणाऱ्या, एआयएक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांत चोरांनी आपली आज्ञावली घुसवल्याचा इशारा अमेरिकेच्या सरकारी संस्थांनी दिला. एआयएक्स ही आयबीएमचीच युनिक्स जातीची कार्यप्रणाली, आणि ती चालते व्यापारी कामाच्या अशाच यंत्रांवर. ज्या आवृत्त्यांवर हल्ला झाला, त्या जुन्या झालेल्या व कंपनीने दुरुस्त करणे थांबवलेल्या होत्या. म्हणजे येथे मधले यंत्र शेजारी राहिलेच नाही; तेच बाधित झाले.

जुनेपणाचा भरवसाही किती धरावा? फेब्रुवारी २०१८ मध्ये व्हीएमएसमधील एक दोष उजेडात आला. तो १९८४ च्या आवृत्तीपासून तेथे होता. ३३ वर्षे कोणाच्या डोळ्यांस पडला नव्हता. जुन्या व्हॅक्स व अल्फा यंत्रांवर त्यातून साध्या वापरणाऱ्याला जास्तीचे अधिकार मिळवता येत. इटॅनियम यंत्रांवर मात्र तेवढे चालू असलेले काम बंद पडे. ३३ वर्षे काही झाले नाही म्हणून दोष नव्हता, असे कोण म्हणेल?

सर्व विषाणू ओळखणारी आज्ञावली का नाही?

यावर कोणी म्हणेल, ‘मग सर्व यंत्रांत विषाणूनाशक आज्ञावली घाला, म्हणजे झाले.’ ती जरूर घालावी. पण तिच्याकडूनही अशक्य गोष्टीची अपेक्षा करू नये. कोहेननेच याची सिद्धता दिली आहे आणि ती नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज कळण्यासारखी आहे.

समजा, कोणतीही आज्ञावली दाखवली असता ती विषाणू आहे की नाही हे बिनचूक सांगणारा एक परीक्षक आपण बनवला. आता मी एक नवी आज्ञावली लिहितो. ती प्रथम परीक्षकाला विचारते, ‘मी विषाणू आहे काय?’ परीक्षकाने ‘आहेस’ म्हटले तर ती गप्प बसते, म्हणजे विषाणू ठरत नाही. परीक्षकाने ‘नाहीस’ म्हटले तर ती पसरू लागते, म्हणजे विषाणू ठरते. परीक्षकाने काहीही उत्तर दिले तरी ते चुकतेच. तेव्हा असा बिनचूक परीक्षक असूच शकत नाही. भूमितीत आपण जी विपर्यस्त सिद्धता शिकतो, तिचाच हा उपयोग. परीक्षेपुरते पाठ केलेले गणित किती दूरवर कामाला येते, पाहा!

याचा अर्थ हातपाय गाळून बसावे असा नाही. बिनचूक औषध नाही, म्हणून पथ्य पाळायचे. माहितीच्या प्रती काढून त्यातली एक तरी यंत्रापासून सुटी ठेवायची. ज्याला जेवढ्या अधिकाराची गरज तेवढाच द्यायचा. जुने दोष वेळच्या वेळी दुरुस्त करायचे. आणि रोजच्या व्यवहारापेक्षा काही निराळे घडू लागले, तर ते पाहायला जागा माणूस ठेवायचा. सुटीच्या दिवशी काही तासांत शेकडो ठिकाणांहून पैसे निघू लागले की कोणीतरी चमकले पाहिजे.

शाळेने आणि सभासदांनी काय करावे?

शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘संगणक विषाणू म्हणजे काय?’ या प्रश्नाचे दोन ओळींचे उत्तर पाठ करून घेण्यावर थांबू नये. फळ्यावर एटीएमपासून बँकेच्या मुख्य संगणकापर्यंतची साखळी काढावी आणि मुलांना विचारावे, ‘यातला कोणता दुवा तुटला तर पैसे जातील? कोणता दुवा बदलला तरी मुख्य यंत्राला कळणार नाही?’ याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, खडू पुरतो. ज्या शाळेत संगणक आहेत, तेथे सर्व संगणकांचा परवलीचा शब्द शाळेच्या नावाचाच नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. मात्र दुसऱ्याच्या यंत्रात डोकावून पाहणे म्हणजे प्रयोग नव्हे. कोहेनने परवानगी घेतली होती, आणि परवानगी नाकारल्यावर तो थांबला होता, हेही मुलांना सांगावे.

दुसरी विनंती घरच्या मोठ्या माणसांना, आणि ती तुम्ही मुलांनीच पोचवावी. आपल्या भागात पुष्कळ आई-वडील सहकारी बँकेचे, पतसंस्थेचे किंवा साखर कारखान्याचे सभासद असतात. सभासद हा मालक असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाविषयी प्रश्न विचारले जातात, संगणकाविषयी कोणी विचारत नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी संगणक-सुरक्षेच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. ज्या बँकेचे व्यवहार जितके अधिक, तिला तितकी वरची पायरी. ‘आपली बँक कोणत्या पायरीवर आहे? माहितीची सुटी प्रत शेवटची केव्हा काढली? ती परत भरून पाहिली काय?’ हे तीन प्रश्न कोणत्याही सभासदाला विचारता येतील. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

उत्तर म्हणून ‘आमचे यंत्र फार भारी आहे, त्याला व्हायरस लागत नाही’ असे कोणी सांगितले, तर त्याला नम्रपणे पुढचा प्रश्न विचारावा, ‘यंत्राचे ठीक आहे, त्याच्या शेजाऱ्याचे काय?’ यंत्राची घडण चांगली असणे ही मोलाची गोष्ट आहे आणि ज्यांनी ती घडवली त्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण कपाशीचे बियाणे कितीही चांगले असले, तरी आठवड्यातून एकदा शेतात जाऊन चार बोंडे फोडून पाहावी लागतात. हे मानवत-सेलूच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बँकेच्या संगणकाबाबतही तीच सवय आपल्या अंगी बाणली पाहिजे.